बारा गुण कोणाच्या हातात? युरोव्हिजनच्या मतदानाबद्दल वाचकांचे प्रश्न

युरोव्हिजन ही युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची (ईबीयू, देशोदेशींच्या सार्वजनिक वाहिन्यांची संघटना) गाण्यांची स्पर्धा १९५६ पासून चालू आहे. प्रत्येक देशाचं एक गाणं असतं. निकाल ठरतो तो निम्मा प्रत्येक देशाच्या ज्यूरीवर, म्हणजे तज्ज्ञ परीक्षकांच्या गटावर, आणि निम्मा प्रेक्षकांच्या मतांवर. प्रत्येक देशाची ज्यूरी आणि प्रेक्षक आपापल्या पहिल्या दहा गाण्यांना गुण देतात, सर्वांत वरच्याला बारा. वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर तक्रारीचा आहे. काही तक्रारी रास्त आहेत, तर काहींच्या मुळाशी गुणांचा हिशेब नीट माहीत नसणं आहे.

प्रश्न : २०२३ मध्ये लिव्हरपूलच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी फिनलंडला उचलून धरलं, तरी स्वीडन जिंकलं. मग प्रेक्षकांना विचारायचंच कशाला?

आधी आकडे बघू. फिनलंडच्या कॅरियाला प्रेक्षकांचे ३७६ आणि ज्यूरींचे १५० गुण मिळाले, एकूण ५२६. स्वीडनच्या लोरीनला ज्यूरींचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३, एकूण ५८३. म्हणजे प्रेक्षकांमध्ये फिनलंड १३३ गुणांनी पुढे होतं आणि ज्यूरींमध्ये स्वीडन १९० गुणांनी. १९० वजा १३३ म्हणजे ५७, आणि निकालातलं अंतरही तेवढंच.

प्रेक्षकांचं मत इथे वाया गेलं नाही, त्यातलं अंतर कमी पडलं. ‘निम्मं-निम्मं’ असं कागदावर असलं तरी दोन्ही बाजूंचं वजन दरवर्षी सारखं नसतं. ज्या बाजूची मतं एका गाण्यावर जास्त एकवटतात, ती बाजू त्या वर्षी भारी पडते. त्या वर्षी लोरीननंतर ज्यूरींनी सर्वाधिक गुण दिले होते इस्रायलला, आणि तेही फक्त १७७. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात १६३ गुणांची दरी! एकदा ज्यूरींमध्ये अशी एकी झाली, की प्रेक्षकांनी काहीही केलं तरी ते अंतर भरून काढणं अवघड.

याच्या अगदी उलट आदल्या वर्षी झालं होतं. २०२२ मध्ये ज्यूरींची पहिली पसंती ब्रिटनला होती (२८३), तर युक्रेन १९२ वर होतं. पण प्रेक्षकांनी युक्रेनला ४३९ गुण दिले. त्या वर्षी प्रेक्षकांकडून जास्तीत जास्त ४६८ मिळू शकत होते! तेव्हा ज्यूरींचं म्हणणं बाजूला पडलं.

एकूण चित्र असं. हल्लीची गुणपद्धत २०१६ ला आली. तेव्हापासून २०२५ पर्यंत नऊ स्पर्धा झाल्या (२०२० ची रद्द झाली). ज्यूरी आणि प्रेक्षक दोघांचंही पहिलं गाणं एकच होतं ते फक्त २०१७ ला, पोर्तुगालचं. २०१८, २०२१ आणि २०२२ ला प्रेक्षकांची निवड जिंकली, २०२३, २०२४ आणि २०२५ ला ज्यूरींची. २०१६ आणि २०१९ ला तर कोणाचंच पहिलं गाणं जिंकलं नाही. २०१६ ला ज्यूरींनी ऑस्ट्रेलियाला आणि प्रेक्षकांनी रशियाला वर ठेवलं, आणि दोन्हीकडे दुसरं आलेलं युक्रेन जिंकलं. सलग तीन वर्षं ज्यूरींचीच सरशी झाल्यामुळे ‘ज्यूरीच सगळं ठरवतात’ असं वाटू लागलंय. त्याआधीची यादी पाहिली, तर तसं म्हणता येत नाही.

प्रश्न : २०२५ मध्ये यजमान स्वित्झर्लंडला प्रेक्षकांचा एकही गुण मिळाला नाही. एवढ्या देशांतून एकानेही मत दिलं नसेल?

दिलं असेल, हजारोंनी दिलं असेल. प्रत्येक देशातल्या प्रेक्षकांची मतं मोजून गाण्यांचा क्रम लावतात आणि पहिल्या दहांनाच गुण देतात : १२, १०, आणि मग ८ ते १. अंतिम फेरीत २६ गाणी. एखादं गाणं सगळीकडे अकरावं-बारावं आलं, तर त्याच्या वाट्याला सगळीकडून शून्यच. स्वित्झर्लंडला ज्यूरींचे २१४ गुण होते, ज्यूरींच्या यादीत ते दुसरं होतं. शेवटी ते दहाव्या स्थानावर राहिलं.

पुष्कळांना बऱ्यापैकी आवडलेलं पण कोणाचंच ‘सर्वांत लाडकं’ नसलेलं गाणं टेलिव्होटिंगमध्ये, म्हणजे प्रेक्षकांच्या मतदानात, हमखास मार खातं, कारण प्रेक्षक फोन उचलतो तो लाडक्यासाठी, बऱ्यापैकी आवडलेल्यासाठी नाही. ज्यूरीच्या प्रत्येक सदस्याला मात्र सगळ्या गाण्यांचा क्रम लावावाच लागतो, त्यामुळे त्याची सातवी-आठवी पसंतीसुद्धा हिशेबात येते. माझ्या मते ज्यूरी ठेवायचं सगळ्यांत भक्कम कारण हे आहे. ‘तज्ज्ञांना जास्त कळतं’ हे कारण त्यापुढे लंगडं आहे.

प्रश्न : मध्यंतरी फक्त प्रेक्षकांचं मतदान होतं ना? मग ज्यूरी परत का आणल्या?

सुरुवातीची चार दशकं ज्यूरीच होत्या. १९९७ ला पाच देशांनी टेलिफोनवरून मतदान करून पाहिलं, १९९८ पासून बहुतेक सगळ्यांनी. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. भाग घेणारे देश वाढले, आणि परदेशात स्थायिक झालेले लोक मायदेशाच्या गाण्याला मतं देऊ लागले. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही हा नियम त्यांना लागूच होत नव्हता, कारण फोन जर्मनीतला असेल तर ते मत जर्मनीचं. शेजारी देशांच्या एकमेकांना मतं देण्याबद्दल तर दरवर्षी ओरड व्हायची. २००७ च्या उपांत्य फेरीतून दहा देश पुढे गेले, त्यांत पश्चिम युरोपचा एकही नव्हता. २००८ ला दोन उपांत्य फेऱ्या केल्या आणि एकमेकांना मतं देणारे देश चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या फेऱ्यांत विभागले. २००९ ला अंतिम फेरीत निम्मं वजन ज्यूरींना मिळालं, २०१० ला उपांत्य फेऱ्यांतही.

हे सगळ्यांना रुचलं नाही. तुर्कस्तान २०१२ नंतर बाहेर पडलं, त्यामागच्या कारणांत ज्यूरींना दिलेलं निम्मं वजन हेही होतं. जर्मनीसारख्या देशांतल्या तुर्की लोकांच्या मतांचा तुर्कस्तानला होणारा फायदा त्याने कमी झाला, हे उघड आहे.

ज्यूरी आणताना हिशेबाची पद्धत मात्र एकदा फसली. २०१३ ते २०१५ या काळात प्रत्येक देशात ज्यूरीचा क्रम आणि प्रेक्षकांचा क्रम यांची आधी सरासरी काढायचे आणि त्या एकत्र यादीतल्या पहिल्या दहांना गुण द्यायचे. २०१४ ला ब्रिटनमध्ये काय झालं पाहा. पोलंडचं गाणं प्रेक्षकांमध्ये पहिलं आलं आणि पाच जणांच्या ज्यूरीने ते पंचविसावं म्हणजे शेवटचं ठेवलं. सरासरी तेरा, म्हणून पहिल्या दहांत नाही, म्हणून गुण शून्य. देशभरातल्या प्रेक्षकांची पहिली पसंती पाच माणसांनी पुसून टाकली. ज्यूरीचा ‘नकाराधिकार’ म्हणतात तो हाच.

२०१६ पासून ज्यूरी आपले १२ देते आणि प्रेक्षक आपले १२, दोन्ही वेगळे मोजून शेवटी बेरीज. या नियमाने पोलंडला ब्रिटनकडून बारा गुण मिळाले असते. ही सुधारणा मला या स्पर्धेतली सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१६ लाच पोलंडच्याच गाण्याला ज्यूरींचे ७ आणि प्रेक्षकांचे २२२ गुण मिळाले आणि ते आठवं आलं. जुन्या पद्धतीत ते फार खाली गेलं असतं.

प्रश्न : पाच जणांची ज्यूरी फोडणं लाखो प्रेक्षकांना फोडण्यापेक्षा सोपं नाही का?

सोपं आहे, आणि संशयाला जागा देणारे प्रसंग घडलेही आहेत. २०२२ च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रुमानिया आणि सॅन मारिनो या सहा देशांच्या ज्यूरींनी एकमेकांनाच वर ठेवल्याचं ईबीयूच्या लक्षात आलं. त्यांचे गुण बाद करून, मतदानाची तऱ्हा सारखी असलेल्या दुसऱ्या देशांच्या ज्यूरींवरून काढलेले गुण त्या जागी धरले. त्या देशांच्या काही वाहिन्यांनी त्यावर आक्षेप घेतला.

हे लक्षात आलं कसं? ज्यूरीत गडबड झाली तर ती दिसते. एखाद्या गाण्याला बाकीच्या सगळ्या ज्यूरी खाली ठेवतात आणि नेमक्या पाच-सहा वर नेतात, हे तक्त्यात ठळक उठून दिसतं. प्रेक्षकांच्या मतांत तसं करता येत नाही. संघटित मतं कोणती आणि मनापासूनची कोणती, हे आकड्यावरून सांगणं जवळजवळ अशक्य.

सदस्य किती असावेत, हा खरा मुद्दा. पाचात एकाने एखाद्या गाण्यावर डूख धरला तर फरक पडायचा. म्हणून २०१८ पासून क्रमांकांना सारखं वजन देत नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातला फरक मोठा धरतात, विसाव्या आणि एकविसाव्यातला नगण्य. त्यामुळे चौघांनी वर ठेवलेलं गाणं एकाने तळाला टाकलं तरी ते फार घसरत नाही. २०२६ पासून पाचाऐवजी सात सदस्य, त्यांत किमान दोघे १८ ते २५ वयाचे, असा नियम आला. २०२३ ते २०२५ उपांत्य फेऱ्यांत फक्त प्रेक्षकांची मतं मोजायचे, तिथेही आता ज्यूरी परतली आहे. सात हा आकडा पाचापेक्षा बरा, पण अजून तोकडाच. पंधरा सदस्य घेतले तर खर्च फारसा वाढणार नाही आणि एकट्या-दुकट्याच्या लहरीचं वजन निम्म्याहून खाली येईल.

प्रश्न : ज्यूरी नेमकं काय पाहून क्रम लावते? ते आपल्यासोबतच कार्यक्रम बघत असतात का?

नाही. ज्यूरी आदल्या संध्याकाळची रंगीत तालीम पाहून क्रम लावते. रचना व तिचं वेगळेपण, रंगमंचावरचं सादरीकरण, गायकाचा आवाज आणि एकूण ठसा हे त्यांचे निकष. त्यामुळे थेट प्रक्षेपणात गायकाचा सूर हलला तरी ज्यूरीचे गुण त्याआधीच ठरलेले असतात. तालमीत घसा बसला असेल तर दुसऱ्या दिवशी कितीही सुरेख गायलं तरी उपयोग नाही. दोन परीक्षक दोन वेगवेगळ्या उत्तरपत्रिका तपासतात आणि गुणांची बेरीज मात्र एकच होते. यावर टीका फार कमी होते, याचं नवल वाटतं.

प्रश्न : एका माणसाला वीस मतं देता यायची म्हणे. हे कसलं मतदान?

वीस होती, २०२६ पासून दहा केली. आकड्यांनी पाहू, उदाहरण काल्पनिक आहे. एका देशात २०,००० प्रेक्षकांनी प्रत्येकी एक मत दिलं आणि सर्वांत लोकप्रिय गाण्याला त्यातली १२ टक्के मिळाली, म्हणजे २,४००. दुसऱ्या एका गाण्याचे फक्त १५० कट्टर समर्थक आहेत, पण ते प्रत्येकी २० मतं देतात : ३,०००. दीडशे माणसांनी वीस हजारांवर मात केली आणि बारा गुण नेले. मर्यादा दहावर आणली की हीच मतं १,५०० होतात आणि ते गाणं पहिल्या स्थानावरून खाली येतं.

पंचवीस गाण्यांत मतं विखुरलेली असल्यामुळे पहिलं यायला बहुमत लागत नाही, दहा-बारा टक्क्यांत भागतं. म्हणूनच ज्यांच्या पाठीशी कमी पण जिद्दीचे लोक आहेत, अशा गाण्यांना टेलिव्होटिंग मानवतं. हे लोक परदेशस्थ बांधव असतील, चाहते असतील किंवा राजकीय कारणाने एकवटलेले असतील. २०२४ ला इस्रायलला प्रेक्षकांचे ३२३ आणि ज्यूरींचे ५२ गुण होते, २०२५ ला २९७ आणि ६०. मतदानासाठी सरकारी पैशाने झालेल्या प्रचारावरून काही वाहिन्यांनी २०२५ च्या मतदानाची तपासणी मागितली. त्यानंतर सरकारांसह बाहेरच्यांनी केलेल्या अवाजवी प्रचाराविरुद्ध नियम कडक झाले. यात एक पथ्य पाळायला हवं : देणाऱ्याने ते मत गाण्यासाठी दिलं की आणखी कशासाठी, हे कोणत्याही यंत्रणेला मोजता येत नाही. मोजता येतं ते फक्त एका माणसाने किती वेळा दिलं, आणि मर्यादा घालायची ती तिथेच.

दहाऐवजी एक का नाही? मताचे सहसा पैसे लागतात, म्हणजे जितकी मतं जास्त तितकी कमाई जास्त, हे एक उत्तर आहे. अधिकृत उत्तर अर्थातच वेगळं असतं.

प्रश्न : भाग न घेणाऱ्या देशांतून मत देता येतं का?

येतं, २०२३ पासून, ऑनलाइन आणि कार्डाने पैसे भरून. पण भाग न घेणाऱ्या सगळ्या देशांची मतं एकत्र करून ‘उर्वरित जग’ हा एकच देश धरतात. त्याचं वजन इवल्याशा सॅन मारिनोच्या प्रेक्षक-गुणांइतकंच.

प्रश्न : क्रम आणि बारा गुणांची भानगड सोडून मतांची सरळ टक्केवारी का धरत नाहीत?

एका देशापुरती स्पर्धा असेल तर धरता येते. इटलीच्या सानरेमो महोत्सवात २०२४ ला प्रेक्षकांना ३४ टक्के, पत्रकारांना ३३ आणि रेडिओच्या ज्यूरीला ३३ टक्के वजन होतं. शेवटच्या पाच जणांत जोलिएर या गायकाला प्रेक्षकांची ६० टक्के मतं पडली. साठातले ३४ टक्के, म्हणजे शंभरातले जेमतेम २० गुण त्याच्या पदरात. बाकीच्या दोन गटांनी त्याला जवळ केलं नाही आणि अँजेलिना मँगो जिंकली. टक्केवारीतही तक्रार उरतेच, फक्त तिचं रूप बदलतं.

अनेक देशांच्या स्पर्धेत थेट मतं मिळवली तर आठ कोटींच्या जर्मनीपुढे माल्टाचा आवाज ऐकूही येणार नाही. म्हणून आधी प्रत्येक देशाचं मत ‘१२ ते १’ या एकाच मापात बसवतात.

प्रश्न : आमची संस्था सहा देशांतल्या गायकांची ऑनलाइन स्पर्धा घेणार आहे. बारा गाणी असतील. ज्यूरी आणि प्रेक्षक दोन्ही ठेवायचे आहेत. वाद होऊ नये म्हणून काय करावं?

वाद होणारच, पण तो गाण्यांवर व्हावा, मोजणीवर होऊ नये, एवढं तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी, परीक्षकांकडून शंभरपैकी गुण मागू नका, क्रम मागा. का ते या तक्त्यावरून कळेल. तीन गायक, तीन परीक्षक. पहिला परीक्षक देतो ९५, ७०, ६०. दुसरा ८०, ८४, ८२. तिसरा ७९, ८३, ८१. बेरीज : २५४, २३७, २२३. पहिला गायक जिंकला, पण तिघांपैकी दोन परीक्षकांनी त्याला शेवटचा ठेवला होता! गुण सढळ हाताने वर-खाली करणारा एकटा परीक्षक निकाल ठरवून गेला. तेच क्रमाने मांडा : पहिला गायक १+३+३ = ७, दुसरा २+१+१ = ४, तिसरा ३+२+२ = ७. कमी बेरजेचा जिंकतो, म्हणजे दुसरा.

परीक्षक विषम संख्येत आणि निदान सात घ्या. आपल्या देशाचं गाणं त्यांनी क्रमात धरायचं नाही. ज्याचा विद्यार्थी वा नातेवाईक स्पर्धेत आहे त्याला परीक्षक करू नका. स्वतःच्या देशाचं गाणं वगळल्याने प्रत्येकाच्या यादीत गाण्यांची संख्या सारखी राहील याची खात्री करा. प्रत्येक देशाची दोन गाणी असतील तर सगळ्यांकडे दहाच उरतील आणि हिशेब सोपा होईल. एका देशाची तीन आणि दुसऱ्याचं एक असेल, तर कच्च्या बेरजेऐवजी सरासरी क्रम काढा.

परीक्षकांनी आपसात चर्चा न करता याद्या द्याव्यात आणि त्या प्रेक्षकांचं मतदान सुरू होण्याआधी बंद व्हाव्यात. परीक्षक आणि प्रेक्षक दोघांनीही एकच ध्वनिचित्रफीत पाहावी. युरोव्हिजनला जे जमत नाही ते तुम्हाला ऑनलाइन सहज जमेल.

प्रेक्षकांसाठी एका मोबाइल क्रमांकावर एकच मतपत्रिका, ओटीपीने. त्यावर एक गाणं निवडायला लावू नका. तीन वेगवेगळ्या देशांची तीन गाणी निवडायला लावा, स्वतःच्या देशाचं सोडून. आपल्याच माणसाला एकगठ्ठा मतं देण्याची सोय यामुळे निघून जाते, आणि ‘बऱ्यापैकी आवडलेल्या’ गाण्यालाही काही मिळतं. मतदान सर्व गाणी ऐकवून झाल्यावरच उघडा; यादीतला क्रम प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा दिसेल अशी व्यवस्था झाली तर उत्तम, कारण शेवटी ऐकलेलं गाणं जास्त लक्षात राहतं.

गुण पहिल्या दहांना देऊ नका. बारा गाण्यांतून स्वतःची दोन वगळल्यावर दहाच उरतात, म्हणजे शेवटच्यालाही गुण मिळेल. पहिल्या पाचांना ७, ५, ३, २, १ पुरे. बरोबरी झाली तर कोणाचं मत धरायचं, प्रेक्षकांचं की ज्यूरीचं, हे नियमपत्रिकेत आधीच छापा. १९६९ ला युरोव्हिजनमध्ये स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स यांचे प्रत्येकी १८ गुण झाले आणि नियमच नसल्यामुळे चौघांनाही विजेते जाहीर करावं लागलं होतं.

शेवटी, मोजणीचा तक्ता आठवडाभर आधी खोट्या याद्या भरून तपासा. एक ‘१ म्हणजे सर्वोत्तम’ अशी यादी भरा आणि अपेक्षित गाणंच वर येतं का ते पाहा. २०१९ ला बेलारूसच्या ज्यूरीने आपली मतं आधीच फोडल्याने तिला काढलं आणि तिच्या जागी हिशेबाने काढलेले गुण भरले. ते नजरचुकीने उलट्या क्रमाने भरले गेले. तळाच्या इस्रायलला १२ गुण गेले, ज्यूरींमध्ये स्वीडन पहिलं असल्याचं जाहीर झालं, आणि काही दिवसांनी तो मान उत्तर मॅसेडोनियाला द्यावा लागला. सुदैवाने विजेता बदलला नाही. तुमचा तक्ता बनवणाऱ्याने तो तपासू नये, दुसऱ्या कोणीतरी तपासावा. निकालासोबत प्रत्येक परीक्षकाची पूर्ण यादी आणि प्रेक्षकांच्या मतांचे आकडे जाहीर करा, आणि हरकतींसाठी ठरावीक मुदत द्या, अठ्ठेचाळीस तास पुरेसे आहेत. बक्षिसं त्यानंतरच वाटा.